कांडी भरताना

वडगावातल्या आमच्या घरी माग चालतो. कॉलेजातून आले की कांड्या भरण्याचे काम माझे. मैत्रिणी आल्या, की मी कांडीमशीनवर चादर टाकत असे; लाज वाटायची.

एकदा धागा सारखा तुटू लागला. आई म्हणाली, "पोरी, हात सुतात नि मन परीक्षेत, मग तुटायचाच!"

मग मी नुसत्या धाग्याकडेच पाहू लागले. ताण किती ठेवावा, गाठ किती बारीक मारावी. जाड गाठ मागावर टिकत नाही. मान वर केली तेव्हा दिवेलागण झाली होती, टोपली भरली होती.

बाराव्या शतकातील शरणांनी श्रमाला 'कायक' म्हणून मान दिला, हे कानडीच्या तासाला शिकले होते. उमगले त्या संध्याकाळी.

मजुरी काही वाढली नाही. पण परवा मैत्रिणी आल्या, तेव्हा चादर घडीतच राहिली.