आमची डिलाइट

चाळिशी लागली की शहाणा माणूस चष्मा घेतो. फार तर योगासनांच्या वर्गात नाव घालतो. मी मोटार घेतली. तीही चालणारी नव्हे. प्रभात रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या पडवीत सतरा वर्षे ताडपत्रीखाली निजलेली, 1968 सालची फियाट अकराशे डिलाइट.

निमित्त वर्तमानपत्राचे. मुंबईतून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची गेल्याची बातमी 2023 च्या ऑक्टोबरअखेर आली आणि माझे लहानपण ढवळून निघाले. पद्मिनी म्हणजे या डिलाइटचेच पुढचे नाव. दोघींचे माहेर एकच, कुर्ल्याचा प्रीमियर कारखाना. आमच्या वडिलांना कारकुनीत मोटार कधी परवडली नाही; पण फियाट रस्त्याने गेली की ते बोलणे थांबवून तिच्याकडे पाहत. हे मी घरात सांगितले तेव्हा आमची ही म्हणाली, “मामंजी नुसते पाहत होते. विकत घेत नव्हते.”

गाडीच्या मालकीणबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांना मी काकू म्हणू लागलो. यजमान डॉक्टर होते. 2006 साली ते गेले, त्या दिवशी गाडी पडवीत लागली ती लागलीच. भंगारवाले पुष्कळ येऊन गेले, काकूंनी सगळ्यांना चहा पाजून परत लावले. माझ्याकडून 60 हजार रुपये घेतले आणि वर एक अट घातली. “चालू झाली की मला एकदा तळ्यातल्या गणपतीला न्यायचं.” मी छातीठोकपणे म्हणालो, “पाडव्याला!” तेव्हा मार्गशीर्ष चालू होता.

किल्ली फिरवून पाहण्याचा माझा विचार मिस्त्रींनी हाणून पाडला. इतकी वर्षे पडलेले इंजिन कोरडे असते, दट्ट्या सिलिंडरला धरून बसलेला असतो. जोर केला तर मोडतो. त्यांनी चारही प्लग काढून भोकांतून तेल सोडले आणि आठ दिवस गाडीला हात लावायचा नाही असे बजावले. नवव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलकेच रेटले. पुली अर्धा इंच सरकली. विद्यापीठात पहिला आलो तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. (पहिला आलो नव्हतो, दुसरा आलो होतो, पण ते असो.)

मग मिस्त्रींनी लोहचुंबक मागितले. घरात फ्रिजवरचा गणपती तेवढा होता. तो त्यांनी गाडीच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. बॉनेटवर चिकटला, छपरावर चिकटला आणि दाराखालच्या पट्टीवर आला तसा टपकन खाली पडला. दुसऱ्या बाजूलाही तेच. “सर, इथे पत्रा नाही. नुसती लांबी आहे. वर रंग,” मिस्त्री म्हणाले. पायपुसणी उचलली तर खालच्या पत्र्यातून अंगणातली फरशी दिसली. “गाडी घेण्याआधी हे खिशात घालून जायचं असतं,” असे म्हणत त्यांनी गणपती माझ्या हातावर ठेवला. आमची ही खिडकीत उभी होती. ती काहीच बोलली नाही, हे फार वाईट लक्षण.

यानंतर मिस्त्री महिनाभर गावी गेले आणि माझ्या हातून घोडचूक झाली. दिवस फुकट कशाला घालवायचे, म्हणून मी गाडी खोलली. सीटा काढल्या (आत उंदरांचे तीन पिढ्यांचे कुटुंब नांदून गेले होते), दारांची अस्तरे काढली, घड्याळांची पाटी काढली, तारा काढल्या. नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत टाकले. कुठल्या डब्यात कुठले, हे लिहून ठेवायचे असते एवढे मला सुचले नाही. वीस वर्षे मी मुलांना समासाचा विग्रह करायला शिकवतो आहे. विग्रह कोणालाही येतो. मिस्त्री परत आले, त्यांनी डबे पाहिले आणि खाली बसले.

पाडवा आला आणि गेला. मी रविवारी जुन्या बाजारात दारांच्या कड्या शोधत हिंडत होतो. दर एक तारखेला काकूंचा फोन येई. “कुठवर आली?” मी आधी खरे सांगत असे, मग थोडे वाढवून सांगू लागलो, आणि जूनपासून फोन वाजला की हिला खूण करून गच्चीवर जाऊ लागलो. जुलैच्या एक तारखेला फोन आला नाही. मला, लाज वाटते सांगायला, बरे वाटले. आठवड्याने कळले, काकू न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते.

इस्पितळात भेटायला गेलो. त्यांनी गाडीचा शब्दही काढला नाही. नर्सला मात्र सांगितले, “हे आमची गाडी दुरुस्त करताहेत.”

त्या रात्री मिस्त्रींच्या घरी गेलो. मला वाटत होते, आधी पत्रा, मग रंग, मग चकाकते बंपर आणि शेवटी इंजिन. मिस्त्री म्हणाले, “सर, ती लग्नाला नाही, देवाला जायची आहे. आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे. दिसायचं नंतर बघू.” मग आम्ही क्रमच उलटा केला. चारही ड्रममधले धरलेले ब्रेक सोडवून त्यांची रबरे बदलली. टाकीतले जुने पेट्रोल गुळाच्या पाकासारखे झाले होते; टाकी उतरवून धुतली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबराला खाते, म्हणून नळ्याही नव्या घातल्या. तळाला पत्रा जोडला. तारा माझ्या मुलीने कागदावर रंगवून घेऊन एकेक लावल्या. तिला समास येत नाहीत, पण हे आले.

कागदपत्रांचे एक सांगायचे राहिले. पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याचा नियम 2021 साली झाला आहे. पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा दुरुस्ती अशाच कामाला रस्त्यावर आणता येते. काकूंना गणपतीला नेणे यांपैकी कशातच बसेना. तेव्हा साध्या नोंदणीचेच नूतनीकरण केले, साठलेला कर भरला, आणि ओट्याचे काम आणखी एक वर्ष पुढे गेले.

2024 च्या दसऱ्याला सकाळी डिलाइटला झेंडूचा हार घातला. अंगावर निम्मा जुना रंग, निम्मा तांबडा प्रायमर. उजवीकडचे मागचे दार दोरीने बांधलेले. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा ओढला की ती खाकरल्यासारखा आवाज करी. काकू वॉकर टेकत फाटकाशी आल्या. त्यांनी गाडीकडे बराच वेळ पाहिले. मी धावत जाऊन पुढचे दार उघडले.

“पुढे नको,” त्या म्हणाल्या. “पुढे सासूबाई बसायच्या. माझी जागा मागे, डावीकडे.”

आम्ही त्यांना मागे बसवले. त्यांनी पदर सावरला, काच चार बोटे खाली घेतली, मग पुन्हा दोन बोटे वर केली. मी किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागले.

“हळू घ्या हो,” मागून आवाज आला. “आमचे डॉक्टर फार जोरात घ्यायचे.”