भीतीचे गुण

आमचे रावेर हे केळीचे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळीच्या बागाच बागा. दिवसा या बागेसारखी गार जागा दुसरी नाही. रात्री मात्र वाऱ्याने फाटलेली पाने एकमेकांवर घासतात आणि कोणीतरी कुजबुजत आहे, असे वाटते.

मी सातवीत असताना मला या आवाजाची फार भीती वाटे. अंधार पडला की मी बांधावरही पाय ठेवत नसे. छातीत धडधडे, तळहातांना घाम येई. बागेत भूतबीत काही नाही, हे मला कळत होते. पण पायांना ते पटत नव्हते.

त्या वर्षी मार्चमध्ये अब्बांचा पाय मोडला. बाग आम्ही बटाईने केलेली होती. शेतीच्या पंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळे. उन्हाळा तोंडावर होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांवर जातो. पाणी चुकले तर घड वाळणार आणि वर्षाची कमाई जाणार! चाचांनी मोटार सांभाळावी की पाण्याचे कॉक फिरवावेत? त्यांना सोबतीला कोणीतरी हवे होते आणि घरात मोठा मुलगा मीच होतो.

मग माझ्यावर उपाय सुरू झाले. दादी दुआ वाचून फुंकर घालत. त्यांचा हात डोक्यावर असेपर्यंत मला बरे वाटे. दुसऱ्या गावच्या एका मांत्रिकाने बरेच पैसे मागितले. अब्बा म्हणाले, "जो भीती वाढवतो, तो धीर काय देणार?" भुसावळच्या मामूंनी फुलांच्या अर्काची बाटली आणली. एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरांनी असे 38 अर्क शोधले होते. पंधरा दिवस मी ते थेंब घेतले. भीती होती तिथेच राहिली. पुढे मी वाचले, की तपासणी केली तेव्हा हे थेंब आणि औषध नसलेले साधे थेंब यांच्या परिणामांत फरक दिसला नव्हता.

शेवटी आमच्या व्यायामाच्या सरांनी मला जवळ बसवले. ते म्हणाले, "चार आकडे मोजत श्वास घे, सहा आकडे मोजत सोड. श्वास संथ झाला की छातीची धडधडही कमी होते. आता भीतीला दहापैकी गुण दे. गुण निम्मे होईपर्यंत जागा सोडू नकोस. पळालास, तर भीतीला वाटेल की तीच खरी."

पहिल्या दिवशी सूर्य मावळताना मी चाचांबरोबर बांधावर उभा राहिलो. गुण आठ! श्वास मोजत राहिलो. पंधरा मिनिटांनी गुण चार झाले. दोन दिवसांनी अंधारात पाच ओळी आत गेलो. नंतर चाचा वीस पावले दूर थांबले. एकदा त्यांनी दोन फाटकी पाने हातात घेऊन एकमेकांवर घासली. तीच कुजबुज! मला हसू आले. सापाची भीती मात्र त्यांनी घालवली नाही. "ती खरी भीती आहे. बूट घाल, बॅटरी धर आणि पाय जपून टाक," असे ते म्हणाले.

मे महिन्यात एका रात्री मी एकट्याने शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन कॉक फिरवला. गुण होते दोन. त्या वर्षी आमची बाग वाचली.

सरांच्या उपायात जादू नव्हती. आपल्या खानदेशात, अमळनेरला, शिक्षणाचे काम केलेल्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि श्वासाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे उपकरणांनी तपासले. त्याच वर्षी अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर या लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचे खात असताना त्या ससा थोडा थोडा जवळ आणत. शेवटी तो सशाशी खेळू लागला. भीतीजवळ पायरी पायरीने जावे, हा उपाय आज डॉक्टरही वापरतात. भीतीमुळे झोप किंवा शाळा सुटत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. 2022 पासून सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

आता मी शिक्षक आहे. माझे काही विद्यार्थी वर्गात मराठी बोलायला घाबरतात. मी त्यांना सांगतो, "आज एक वाक्य मित्राला वाचून दाखवा. उद्या बाकावरच्या सगळ्यांना. परवा वर्गापुढे या. आणि भीतीला रोज गुण द्या." या एका परीक्षेत गुण कमी झाले, की आम्ही सगळे टाळ्या वाजवतो.