रक्त धरतं कशाला?

परवा कर्जतहून आंबिवली गाठून पेठच्या किल्ल्यावर गेलो होतो. (नकाशात कोथळीगड, पण सगळे पेठचा किल्लाच म्हणतात.) सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या उतरताना गुडघा मस्तपैकी सोलवटला. मित्र सॅकमधून हळदीची पुडी शोधेपर्यंत रक्त थांबलंसुद्धा! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. शिरेतून निमूट वाहणाऱ्या रक्ताला कळतं कसं, की चिकटायचं ते नेमकं इथेच?

उत्तर आहे कोलॅजेन. कातडी, हाडं, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे हेच प्रथिन. तीन पेडांचा वळलेला दोर. ही तिपेडी रचना १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. शाळेत हे कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. असो. एरवी रक्ताला हा दोर दिसत नाही, मध्ये पेशींचं अस्तर असतं. ते फाटलं की दोर उघडा पडतो आणि प्लेटलेट्स त्याला धरतात.

धरणारे हात म्हणजे इंटेग्रिन. आल्फा आणि बीटा अशी जोडी, पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली. कोलॅजेन धरणारी प्लेटलेटवरची जोडी आल्फा-२ बीटा-१. ही बाई दोरावर कुठेही हात घालत नाही. तिला सहा अमिनो आम्लांची ठरावीक ओळ लागते, जीएफओजीईआर. चक्क स्ट्रिंग मॅचिंग! त्यातला 'ई' म्हणजे ग्लुटामेट, तो इंटेग्रिनमधल्या मॅग्नेशियमच्या आयनला जाऊन बसतो. 'ओ' म्हणजे हायड्रॉक्सीप्रोलीन, आणि तो बनवायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर दोरच नीट वळला जात नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येतं ते यामुळे. आज्जी आवळा खायला का लावायची, ते आत्ता कळलं.

दुसरी गंमत म्हणजे हे हात एरवी मिटलेले असतात. डिफॉल्ट ऑफ. कोलॅजेनचा स्पर्श दुसऱ्या एका रिसेप्टरला झाला, की आतून निरोप जातो आणि मग हात उघडतात. कायम उघडे असते तर शिरेतच गुठळ्या झाल्या असत्या. एकदा दोर धरला की आल्फा-२बी बीटा-३ नावाची दुसरी जोडी फायब्रिनोजेनच्या मदतीने प्लेटलेट्सना एकमेकींशी बांधते.

नेमकी हीच दुसरी जोडी फुरशाने हेरलीये. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं ४९ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन असतं, ते तिथे जाऊन बसतं आणि हात रिकामेच राहतात. त्याच्याच नमुन्यावर टिरोफिबान हे औषध बनलं. १९९८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, आणि हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी वाढू नये म्हणून ते देतात. फुरशाचं डोकं आणि आपलं औषध!

पण चावल्यावर जीव जातो तो एकट्या एकिस्टॅटिनमुळे नाही. विषातली इतर एन्झाइम्स गोठण्याचा सगळा कच्चा माल संपवून टाकतात, शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीही कुरतडतात. कर्जत-खालापूरकडे भातलावणीला माणसं अनवाणी चिखलात उतरतात, तिथे घोणसही असते आणि तिचं विषही रक्तच बिघडवतं. यावरची तपासणी मात्र इतकी साधी आहे की मी दोनदा वाचलं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं, तर लगेच प्रतिविष सुरू. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच असतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नाही. न्यायचं ते माणसाला, आणि सरळ दवाखान्यात.