खमरा, कहवा आणि बाळंतिणीची खोली

या शनिवारी कोडबिड काही नाही. आज सुगंधावर लिहायचंय. त्यातही दोन स्वस्त बाटल्यांवर, ज्यांनी गेली दिवाळी ते होळी एवढा काळ माझ्या कपाटाचा एक खण आणि घरातल्या गप्पांचा बराच भाग व्यापलाय.

बाटल्या दोन्ही लताफा या दुबईकडच्या कंपनीच्या. एक 'खमरा', २०२२ साली आलेली. दुसरी तिची धाकटी बहीण, 'खमरा कहवा', २०२३ ची. प्रत्येकी १०० मिली. मला दोन्ही मिळून सहा हजारांच्या आत पडल्या. आता 'स्वस्त' म्हटल्यावर काही जणांच्या भुवया उंचावणार हे ठाऊक आहे (आमच्या घरातही उंचावल्या). पण खमराची तुलना सगळे ज्याच्याशी करतात ते किलियनचं 'एंजल्स शेअर' ५० मिलीला वीस हजारांच्या पुढे जातं. त्या मानाने स्वस्तच की!

हे 'एंजल्स शेअर' म्हणजे देवदूतांचा वाटा. फ्रान्समध्ये कोन्याक ओकच्या पिंपात मुरत ठेवतात तेव्हा दरवर्षी थोडी उडून जाते, तिला हे नाव आहे. किलियन हे त्या प्रसिद्ध हेनेसी घराण्यातले, त्यामुळे दारूच्या पिंपाचा वास परफ्यूममध्ये आणणं त्यांना शोभतंच. २०२० साली ते आलं, गाजलं, आणि मग दोन वर्षांत खमरा आलं. नावही बघा कसं ठेवलंय! अरबीत 'खम्र' म्हणजे मद्य. आपल्या मराठीतली 'खुमारी' त्याच धातूतून आलेली. आणि खरी गंमत पुढे आहे. 'कहवा' हा शब्दसुद्धा जुन्या अरबीत आधी मद्यासाठी वापरत, कॉफीला तो नंतर चिकटला. म्हणजे 'खमरा कहवा' हे नाव मुळात 'दारू दारू' असं झालं :)

हे दोन्ही वास ज्या कुळात मोडतात त्याला 'गूरमाँ' म्हणतात, म्हणजे खाण्याच्या वासांचं कूळ. याची सुरुवात साधारणपणे १९९२ च्या 'एंजल' या मुग्लरच्या परफ्यूमपासून मोजतात. त्यात इथाइल माल्टॉल नावाचं रसायन सढळ हाताने घातलं होतं. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा वास आठवा, तो हाच. त्याआधी व्हॅनिला, टोंका वगैरे गोड मंडळी परफ्यूममध्ये नव्हती असं नाही. व्हॅनिलिन १८७४ पासून कृत्रिमरीत्या बनवता येतंय, टोंका बियांमधलं कुमारिन त्याच्याही आधीपासून, १८६८ पासून. पण तोवर गोडवा फुलांच्या आणि लाकडांच्या मागे उभा असायचा. एंजलने त्याला पुढे आणून ताटात वाढला.

आता मुद्द्याकडे. कंपनी काय घातलंय म्हणते ते आधी बघू. खमरात सुरुवातीला दालचिनी, जायफळ, बर्गमॉट. मग खजूर, प्रालीन, निशिगंध. तळाशी व्हॅनिला, टोंका, बेंझॉइन, मिर्‍ह आणि लाकडं. कहवात सुरुवातीला दालचिनी, वेलची, आलं. मग प्रालीन, मुरवलेली फळं, पांढरी फुलं. तळाशी कॉफी, व्हॅनिला, टोंका, बेंझॉइन, कस्तुरी. कागदावर डिफ काढला तर जवळपास अर्धी फाइल सारखीच दिसते. मुख्य फरक थोड्याच ओळींचा आहे: तिकडे जायफळ, खजूर आणि मिर्‍ह, इकडे वेलची, आलं आणि कॉफी.

तपासणीची पद्धत साधी ठेवली. डाव्या मनगटावर एक, उजव्यावर दुसरं, एकेकच फवारा. दहा मिनिटांनी, एका तासाने, सहा तासांनी नोंद. कुठल्या हातावर काय हे बायको ठरवायची आणि चिठ्ठी तिच्याकडे ठेवायची. नमुन्यांमध्ये मोकळी हवा, बस्स. (कॉफीच्या बिया हुंगून नाक 'रिसेट' होतं असं दुकानात सांगतात. स्वतःच्या कोपराचा वास घेतला तरी काम भागतं.)

खमरा. पहिली पाच मिनिटं दालचिनी आणि काहीतरी मुरलेलं, मद्याच्या अंगाने जाणारं. जरा जोरात येतं, दारात उभं राहून हाक मारल्यासारखं. इथे सगळे परदेशी समीक्षक 'ॲपल पाय' आणि 'ख्रिसमस' लिहितात. त्यांचं बरोबरच आहे, त्यांच्याकडे दालचिनी गोड पदार्थात जाते. आपल्याकडे ती जाते मसालेभातात. त्यामुळे माझ्या नाकाने पहिल्या दिवशी 'मसाल्याचा डबा उघडा राहिलाय' एवढाच निरोप दिला. अर्ध्या तासाने मात्र दालचिनी मागे सरते आणि खजूर वर येतो. दाट, काकवीसारखा. जायफळ त्याला धरून असतं. सहा तासांनी उरतो तो व्हॅनिला आणि धुरकट, राळेसारखा गोडवा, तो दुसर्‍या दिवशी शर्टावरही सापडतो.

मी या राळेसारख्या वासाला नाव शोधत होतो. आई चार दिवसांसाठी आली होती, तिने मनगट हुंगलं आणि म्हणाली, "अरे, हा तर बाळंतिणीच्या खोलीचा वास."

बायको इतकी हसली की चहा सांडला. डान्स फ्लोअरवर मारायचं म्हणून जे विकतात त्याला हा शेरा! पण मी बसून यादी तपासली, आणि आई शंभर टक्के बरोबर निघाली. खजूर आणि जायफळ: डिंकाच्या लाडवात खारीक असते आणि वर जायफळ किसतात. बेंझॉइन म्हणजे आपला ऊद, बाळ-बाळंतिणीला धुरी देताना निखार्‍यावर टाकतात तो. आणि मिर्‍ह म्हणजे हिराबोळ, तोही बाळंतिणीच्याच औषधांतला. लाडू, धुरी आणि बोळ, तिन्ही एका बाटलीत. वासाची यादी न वाचता, आयुष्यात कधी परफ्यूमचं परीक्षण न पाहता, तिने तळाचे तीन थर एका वाक्यात सांगितले. मी आठवडाभर इंग्रजी विशेषणं गोळा करत होतो.

तेव्हापासून माझं म्हणणं पक्कं झालंय: खाण्याचे वास ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघराच्या भाषेत वाचले जातात. परीक्षण लिहिणारा मिनेसोटातला असेल तर तो आपल्याला मिनेसोटाचं स्वयंपाकघर सांगणार.

आता कहवा. हे उघडतं वेलचीने. हिरव्या, नुकत्या कुटलेल्या वेलचीने, मागे आल्याची जरा झणक. दालचिनी आहे, पण आवाज कमी. खमरासारखं अंगावर येत नाही. वीस-तीस मिनिटांत प्रालीनचा गोडवा पसरतो आणि मग कॉफी येते. कडक काळी नाही, दुधातली, साखर जास्त पडलेली. तळ बराचसा खमरासारखाच, पण धूर कमी आणि उबदार, मऊपणा जास्त. टिकायला माझ्या कातडीवर खमरापेक्षा तासभर कमी.

आखातात कहवा वेलची घालून करतात आणि सोबत खजूर देतात. पाहुण्याला कॉफी देण्याची ही रीत २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही गेली. त्या रीतीने बघितलं तर या दोन बाटल्या एकाच तबकातल्या आहेत, एक वाटी आणि एक पेला. अमुक चांगलं की तमुक, असं भांडण लावण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

पण माझ्यापुरता कहवाचा प्रश्न जरा वेगळा होता, तो सांगतो.

एप्रिल २०२१ मध्ये कोविड झाला आणि माझा वास गेला. पूर्ण. उदबत्ती, फिनाईल, फोडणी, सगळं सपाट. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये एक सराव मांडला होता: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, हे चार वास रोज दोन वेळा लक्ष देऊन घ्यायचे, काही आठवडे. तो मी केला. हळूहळू वास आला, पण वाकडा आला. गुलाब ठीक, लवंग ठीक, आणि कॉफी म्हणजे जळकं रबर अधिक सांडपाणी. तेही थोडंथोडकं नाही, ऑफिसच्या कॉफी मशीनसमोरून श्वास रोखून जावं लागायचं. नंतर वाचलं की हे पुष्कळांना झालं. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या जेन पार्कर आणि त्यांच्या सहकार्‍यांनी २०२२ मध्ये दाखवलं की काही मोजके रेणू हा वाकडेपणा घडवतात. त्यातला एक २-फ्युरानमिथेनथायॉल, जो धडधाकट नाकाला ताज्या भाजलेल्या कॉफीचा सुरेख वास वाटतो.

कॉफी हे माझं पेय होतं हो. सकाळी स्टँडअपच्या आधीचा मग, रात्री रिलीजच्या वेळचा मग. लोकांना ते लहानसं वाटतं, जेवता-खाता येतंय ना मग झालं तर! पण ज्याचा वास जातो त्याला घर परकं होतं. आईच्या हाताचं, बायकोच्या केसांचं, पहिल्या पावसाचं, काहीच पोचत नाही, आणि कोणाला दाखवायला जखमही नसते. दीड वर्षाने कॉफी पिता येऊ लागली, तरी कॅफेच्या दारात तो रबराचा एक धागा राहायचा.

म्हणून कहवाची बाटली मी जरा धाकधुकीतच उघडली. वेलची आली, ठीक. प्रालीन आलं, ठीक. चाळिसाव्या मिनिटाला कॉफी आली. आणि ती कॉफी होती. रबर नाही, काही नाही. मनगट नाकाला लावून मी चांगली दहा मिनिटं बसून होतो.

याचं कारण फार गूढ नसावं. खर्‍या कॉफीत वासाची शेकडो संयुगं असतात, परफ्यूममधली कॉफी ही थोडक्यात काढलेलं रेखाचित्र असते. पण त्या रेखाचित्रावरून माझ्या नाकाला मूळ चेहरा आठवला, एवढं खरं. पुढचे दोन महिने कहवा मारून मग खरी कॉफी करायची असा क्रम ठेवला. आता कॅफेच्या दारात थांबता येतं.

याच काळात एक जोडकाम सापडलं. खमराचा एक फवारा, त्यावर कहवाचा एक. जायफळ फक्त पहिल्यात आहे, वेलची फक्त दुसर्‍यात, आणि कॉफीही दुसर्‍यातच. एकत्र झालं की थेट आपली पाहुण्यांसाठीची कॉफी! दुधात उकळलेली, वेलची-जायफळाची, कपबशीतली. यापुढे कोणी माझ्या परफ्यूमचं वर्णन विचारलं तर मी 'साखरपुड्याची कॉफी' असं सांगणार आहे.

आता थोडं कामाचं.

हे दोन्ही थंडीचे वास आहेत. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मुंबईत एसीच्या भरवशावर. उन्हाने वास भराभर उडतो आणि हाच गोडवा मे महिन्यात पाकात पडलेल्या माशीसारखी अवस्था करतो. ऑफिसला जात असाल तर खमराचा एकच फवारा, तोही शर्टाच्या आत. मीटिंग रूम बंद असते आणि शेजारच्याने तुमच्या बाळंतिणीच्या खोलीत एक तास बसायचं मान्य केलेलं नसतं. कहवाचे दोन चालतात. पांढर्‍या कपड्यांवर मारू नका. व्हॅनिलिन भरपूर असलेले द्रव तपकिरी असतात, डाग पडतो. आणि दालचिनीचे घटक काहींच्या कातडीला सोसत नाहीत, तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा.

एकच घ्यायचं असेल तर? लग्नकार्य, रात्रीचं जेवण, थंडीतला प्रवास, जिथे खोलीत शिरताना कळावं असं वाटतं तिथे खमरा. रोजच्यासाठी, आणि ज्यांना दालचिनी मसाल्याचीच वाटते त्यांच्यासाठी कहवा. वेलचीमुळे आपल्या नाकाला ते पटकन गोड, ओळखीचं लागतं. निव्वळ परफ्यूम म्हणून खमरा जास्त पक्कं, तळापर्यंत बांधलेलं आहे, हे मी मान्य करतो. आईनेही तेच पसंत केलं आणि जाताना एका जुन्या अत्तरदाणीत थोडं घेऊन गेली.

माझी कहवाची बाटली मात्र आधी संपत आलीय. पुढची मागवलीय.

असो. तुम्ही घेऊन बघा, आणि पहिला तास कुठलंही परीक्षण न वाचता (हेसुद्धा!) घरातल्या सगळ्यात जुन्या नाकाला विचारा.