फळमाशीस, झाडाखालच्या आंब्याबद्दल

फळमाशी,

हापूस तयार होऊ लागला की तू कलमांत शिरतेस, सालीला टोचा मारून आत अंडी घालतेस आणि निघून जातेस. फळ वरून निर्दोष दिसतं. बागायतदार ते झेल्याने अलगद उतरवतो, आढीत गवतावर मांडतो, पेटी भरतो. काही दिवसांनी परक्या घरात कोणी ते कापतं आणि गरात अळ्या वळवळताना बघतं. त्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? आलेल्या मालात फळमाश्या सापडत राहिल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा घेणं थांबवलं होतं. बंदी पुढच्या वर्षी उठली, पण तो हंगाम हातचा गेलाच.

फवारणीने तू आटोक्यात येशील असं अजून अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. अंडी सालीखाली, अळी गरात, कोष मातीत. तुझ्या आयुष्याचा मोठा भाग औषधाला सापडतच नाही. शिवाय काढणीला आलेल्या फळावर विष मारून तेच पोरांच्या हातात द्यायचं, हे मला मान्य नाही.

तुझ्या नराची ओढ मात्र आम्हाला ठाऊक आहे. मिथाइल युजेनॉल हे तुळशीतही असणारं द्रव्य त्याला लांबून खेचून आणतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यावरच चालतो. हेक्टरी ४ टांगावेत अशी शिफारस आहे. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात हेच द्रव्य आणि कीटकनाशक यांत भिजवलेले तुकडे विमानातून टाकले आणि तुझी जात तिथून पुरती नाहीशी केली. पण रोटाच्या चहूबाजूंना समुद्र होता. आमच्या बागेला फक्त गडगा असतो. मी सापळे लावले, तरी शेजारच्या बागेत नराशी जुळून आलेली मादी गडगा ओलांडून येते, आणि तिला त्या सापळ्याची ओढच नसते.

ती शेजारची बाग बहुतेकदा बंद घराची असते. मालक मुंबईला, रायवळाखाली आंब्यांचा खच, त्यावर वळवाची सर. अळ्या फळांतून बाहेर पडून ओल्या मातीत कोषात जातात आणि साधारण दहा दिवसांत नव्या माश्या वर येतात. आंबा संपला की पेरू आहे, चिकू आहे. तुला वर्षभर पोसतो तो आमचा हा हलगर्जीपणा, आणि याचं मला फार वाईट वाटतं. कारण हे काम अवघड नाही. पडलेलं फळ रोज वेचायचं, उकिरड्यावर न फेकता दोन फूट खोल पुरायचं, आणि सापळे सगळ्या वाडीने एकाच वेळी टांगायचे, बंद घरांच्या बागांतसुद्धा.

चाकरमान्यांना मी सांगणार आहे: मे महिन्यात गावी आलात की आधी झाडाखालचं फळ उचला. येणं जमत नसेल तर कुणाला तरी त्याची मजुरी द्या. खड्डा खणायला जागा नसेल, तर माझ्या बागेच्या कडेला खणू. तिथे सगळ्या वाडीचा किडका आंबा मावेल.