तीन इयत्ता, एक विज्ञान

मुलांनो, आज एक कोडं घालते. घरात एक मूल तिसरीत, एक सहावीत आणि एक नववीत. शाळा बंद. शिकवायला माणूस एकच. तर मग विज्ञानाची पुस्तकं किती घ्यायची? तीन? एक? की एकही नाही?

हे कोडं २०२० साली आमच्याच घरी येऊन बसलं. आम्ही महाडचे. मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आम्ही पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर आजीकडे गेलो. आता मोबाइलवर शाळा भरणार म्हणत होते, तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्याकडची वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. मोबाइल म्हणजे नुसती डबी! मग काय, पडवीत घोंगडी अंथरली आणि शाळा भरवली.

मराठी, गणित कसंबसं जमलं. घोडं अडलं ते विज्ञानापाशी. धाकटीचं पुस्तक 'परिसर अभ्यास', मधल्याचं 'सामान्य विज्ञान' आणि मोठीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान'. रोज तीन वेगळे धडे घ्यायचे, तर चुलीवरचं कोणी बघायचं? शिवाय एकीला शिकवत असताना बाकीची दोघं पागोळ्या मोजत बसणार!

मग तिन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. तुम्हीही पाहा, गंमत वाटेल. पाणी, हवा, अन्न, सजीव, उष्णता... जुनी ओळखीची माणसं जिन्यात पुन्हा पुन्हा भेटावीत तसे हे विषय वरच्या वर्गात पुन्हा भेटतात. म्हणजे विषय एक आणि पायऱ्या तीन. ठरलं! महिन्याला एकच विषय घ्यायचा आणि ज्याने त्याने आपल्या पायरीवर उभं राहून तो पाहायचा.

जूनचा विषय शोधायला कुठे जायची गरजच नव्हती. तो कौलांवर ताशा वाजवत होता! धाकटीने प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक केलं. रोज सकाळी आठ वाजता पट्टीवरचा आकडा वाचायचा, हे तिचं काम. मधल्याने त्या आकड्यांचा तक्ता केला आणि स्तंभालेख काढला. मोठीने हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी भरतं बरोबर एक लिटर. आजीच्या छपराखाली जागा साठ चौरस मीटर. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावरून गेलं किती? सहा हजार लिटर!

आजी दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अगं बाई, एवढं पाणी पऱ्याला जातं? आणि एप्रिलात मी हंडा घेऊन लांबच्या झऱ्यावर जाते!"

हा प्रश्न तिन्ही पुस्तकांत कुठेच छापलेला नव्हता. पण मग आठवडाभर घरात दुसरा विषय निघाला नाही. हे पाणी मुरतं कुठे, आटतं का, साठवायचं कसं? मोठीला धाकटीला समजेल असं सांगावं लागे, आणि सांगता सांगता तिचंच तिला जास्त उमजे.

आता आई-बाबांशी दोन शब्द. मुलांनो, तुम्हीही ऐका. घरी विज्ञान शिकवायचं म्हटलं, की बाजारातले चकचकीत संच डोळ्यांत भरतात. मी मात्र कणा म्हणून 'बालभारती'चंच पुस्तक ठेवलं. मुलांना आज ना उद्या शाळेत परत जायचं होतं, आणि ही पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांची पुस्तकं घेतली. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, टाकाऊ डबे यांतून ते विज्ञानाची खेळणी करतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिकच्या मुलांसाठी काढलेली पुस्तकंही चाळली. आणि डोळ्यांपुढे होता मध्य प्रदेशातला होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम. तो १९७२ साली खेड्यांतल्या सोळा शाळांत सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. तिथे मुलं आधी प्रयोग करत आणि मग उत्तर शोधत. टाचण्यांच्या जागी बाभळीचे काटे वापरत!

यातून मी तीन चाळण्या केल्या. पहिली : सामान घरात किंवा पोलादपूरच्या बाजारात मिळतं का? दुसरी : उत्तर आधीच छापलंय, की मुलाला शोधावं लागतं? तिसरी : धाकट्याला हात घालता येईल आणि मोठ्यालाही डोकं खाजवावं लागेल, असं दोन्ही त्यात आहे का? या तीन चाळण्यांतून जे खाली पडेल तेच घ्यायचं. मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. नववी-दहावीची रासायनिक समीकरणं आणि गतीची सूत्रं अशी एकत्र होत नाहीत. त्यासाठी मोठीला संध्याकाळचा एक तास वेगळा द्यावाच लागे.

परत महाडला आल्यावर 'उष्णता' घेतली, ती सावित्रीकाठच्या सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपासून. आणि 'पाणी' शिकताना चवदार तळ्यावर गेलो. पाणी रंगहीन असतं हे पुस्तकात वाचलं होतं. माणसाने त्याच पाण्याला शिवायला माणसालाच बंदी केली होती, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते ओंजळीत घेऊन प्राशन केलं, हे तिथे उभं राहून सांगितलं. धाकटी बराच वेळ पाण्याकडे बघत होती.

खरी परीक्षा मात्र कागदावर झाली नाही. ती झाली जुलै २०२१ मध्ये. २१ तारखेच्या रात्री अंगणातली बाटली भरून वाहायला लागली. मधला वही घेऊन आला. "आई, एवढा आकडा आपल्या वहीत एकदाही नाही!" मोठीने नकाशा काढला. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, पोलादपूरवरून येते महाडला. इथे तिला गांधारी आणि काळ नदी मिळते, आणि खाडीला भरती असली की पुढची वाट अडते. ती म्हणाली, "वर जो कोसळतोय ना, तो अजून वाटेत आहे." आम्ही रातोरात धान्य, कागदपत्रं, औषधं, दप्तरं माळ्यावर चढवली आणि शेजाऱ्यांनाही हाका मारल्या. मग पाणी आलंच. भांडीकुंडी, कपाट, शिवणयंत्र सगळं गेलं. माणसं आणि औषधं राहिली. २२ जुलैच्या सकाळपासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर कळलं. मोठीने तोही हिशेब केला : एका चौरस किलोमीटरवर एकोणसाठ कोटी लिटरांहून जास्त!

त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. विज्ञान येत असतं तर हे टळलं असतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण आमचा पुढचा विषय आपोआप ठरला : माती.

दोन ताटं तिरकी ठेवली. एकात मोकळी माती, दुसऱ्यात गवतासकट काढलेलं ढेकूळ. झारीने पाणी घातलं. मोकळी माती आधी जड झाली आणि मग सरसर घसरली. मुळांनी धरलेली बराच वेळ टिकली. मग वाडीवर जाऊन तिघांनी आजीबरोबर घराच्या मागचा उतार पाहिला. जमिनीला नवी भेग पडली आहे का? झाडं, खांब कलले आहेत का? झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालंय किंवा आटलंय का? दारं-खिडक्या अचानक घट्ट बसायला लागल्या आहेत का? यातलं काही दिसलं तर तिथून लगेच दूर जायचं आणि सरपंच, पोलीस पाटील किंवा तलाठ्याला कळवायचं. ही यादी आजीने दाराच्या आतल्या बाजूला लावून घेतली आहे.

आता तुमची पाळी. सरळ उभ्या कडांची बाटली घ्या आणि तिचं निमुळतं तोंड मोठ्यांकडून कापून घ्या. तळाशी खडे घालून त्यांच्या वरपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची खूण करून बाहेरून पट्टी चिकटवा. कापलेलं तोंड उलटं करून वर बसवा, झालं पर्जन्यमापक! धाकट्याने आकडा वाचायचा, मधल्याने लिहायचा, मोठ्याने हिशेब करायचा. आणि हो, बाटली मोकळ्यावर ठेवा. वळचणीला ठेवलीत, तर पाऊस राहील बाजूला आणि मोजत बसाल पागोळ्याच!