पासवर्ड बरोबर, तरी दार बंद!

संध्याकाळी लाइट गेले की तुमच्या घरी काय गडबड उडते? कुणी मेणबत्ती शोधतं, कुणी टॉर्च. आजी म्हणते, "आहात तिथंच बसा, कुणाचा तरी पाय अडकेल." आमच्या कॉम्प्युटर खोलीत मात्र लाइट गेले तरी काही गडबड होत नसे. पंखा थांबायचा, ट्यूबलाइट विझायची, पण जाळीच्या कपाटातले हिरवे ठिपके आपले लुकलुकत राहायचे. मला त्याचा फार अभिमान होता. तो कसा उतरला, तेच आज सांगणार आहे.

मी सांगलीत एका महाविद्यालयात कॉम्प्युटर सांभाळतो. नाव नको विचारायला! विद्यार्थ्यांचे प्रवेश, फी, ग्रंथालयाची पुस्तकं, परीक्षेचे गुण, सगळं आमच्या त्या खोलीत. तुम्हाला वाटेल, तिथं वीस-पंचवीस कॉम्प्युटर असतील. खरे कॉम्प्युटर फक्त दोनच आहेत! त्यांना आम्ही होस्ट म्हणतो. होस्ट म्हणजे जुन्या काळचा वाडाच समजा. वाडा एक, आत बिऱ्हाडं दहा. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. इथली बिऱ्हाडं म्हणजे आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. गंमत अशी की, प्रत्येकाला वाटतं, अख्खा कॉम्प्युटर आपलाच आहे. ही कल्पना काही काल-परवाची नाही बरं का! आयबीएम कंपनीनं आपल्या अवाढव्य यंत्रांसाठी ही सोय १९७२ सालीच बाजारात आणली होती.

आता वाड्याची वीजच गेली तर? त्यासाठी यूपीएस असतो. यूपीएस म्हणजे बॅटऱ्यांची पेटी. आमच्या पेटीत शिसं आणि आम्ल असलेल्या बॅटऱ्या आहेत, फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधलेल्या जातीच्या. त्या पंचवीस मिनिटं पुरतात. पुढं काय? बॅटरी संपली की सगळं एकदम बंद. तुम्ही उत्तर लिहीत असताना कुणी पेनाखालची वही ओढून घेतली, तर कसं होईल? तसंच. अर्धवट लिहिलेलं वाक्य, फाटलेलं पान.

म्हणून आम्ही यूपीएसच्या जोडीला एक छोटं सॉफ्टवेअर ठेवलं होतं. हा आमचा रात्रीचा गुरखा. वीज जाऊन पाच मिनिटं झाली की त्यानं दोन्ही वाड्यांत जायचं, एकेका बिऱ्हाडाला सांगायचं, "आवरा, दिवा मालवा, झोपा," आणि सगळे झोपले की वाड्याचं मोठं दार लावायचं. पण वाड्यात शिरायला गुरख्याजवळ किल्ली हवी ना? ती किल्ली म्हणजे नाव आणि पासवर्ड. आम्ही त्याला थेट होस्टच्या मुख्य खात्याचीच किल्ली देऊन ठेवली होती. या खात्याला 'रूट' म्हणतात. रूट म्हणजे वाड्याचा मालक.

ही गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली. पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायचा, असा आमचा नियम. सोमवारी संध्याकाळी मी दोन्ही होस्टचे पासवर्ड बदलले, कागदावर लिहिले, कागद पाकिटात घातला, पाकीट कपाटात ठेवलं आणि घरी गेलो. अगदी शहाण्यासारखं!

मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावरून होस्ट उघडायला गेलो. नवा पासवर्ड टाकला. उत्तर आलं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. कॅप्स लॉक पाहिलं. कीबोर्ड चुकून मराठीवर तर नाही ना, तेही पाहिलं. पाकीट फोडलं, एकेक अक्षर बोटानं दाबत टाकलं. छे! दुपारी मात्र एकदा सहज करून पाहिलं तर उघडलं, आणि तासाभरानं परत बंद. माझ्या डोक्याचा भुगा झाला.

पासवर्डची चोरी ही फार जुनी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांना वाटून वापरता यावा, म्हणून पासवर्डची पद्धत सुरू झाली. प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळायचा. १९६२ साली तिथल्या ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला तो वेळ पुरेना. पठ्ठ्यानं काय करावं? पासवर्डांची सगळी यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम करत बसला! मला ही गोष्ट माहीत होती, आणि त्या मंगळवारी नेमकी तीच आठवली.

कारण आमच्याकडे एक नवा मुलगा लागला होता. डिप्लोमा करून नुकताच आलेला, बोलायला कमी, कुतूहल फार. सोमवारी संध्याकाळी तो त्या खोलीत तारांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. झालं! मी सरळ ऑफिसात गेलो. क्लार्क होते, शिपाईमामा होते, दोन प्राध्यापक चहा पीत होते. सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, होस्टच्या पासवर्डला हात लावलास?"

"नाही सर."

"मग काय भुतानं लावला?"

त्याचे कान लाल झाले. "नाही सर," एवढंच परत म्हणाला आणि खाली बघत राहिला. शिपाईमामांनी चहाचा कप उगाच उचलून खाली ठेवला.

बुधवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग गारा. सहाच्या सुमाराला लाइट गेले. मी घरी कांदाभजी खात बसलो होतो. म्हटलं, आपला गुरखा आहे की!

गुरखा वेळेवर निघाला होता. पाच मिनिटं झाल्याबरोबर होस्टच्या दाराशी गेला, किल्ली लावली. दार उघडलं नाही. दुसऱ्या होस्टकडे गेला. तिथंही नाही. त्यानं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, 'प्रवेश नाकारला.' कॉम्प्युटरच्या अशा रोजनिशीला लॉग म्हणतात. लॉग लिहिला जातो रोज, वाचतं मात्र कुणीच नाही. पंचवीस मिनिटांनी बॅटऱ्या संपल्या आणि दोन्ही वाडे भरल्या बिऱ्हाडांनिशी एका क्षणात अंधारात गेले.

गुरुवारी बाकीची बिऱ्हाडं कुरकुरत का होईना उठली. गुणांची नोंद ठेवणारं उठेना. शेवटी मंगळवारी मध्यरात्री घेतलेली त्याची प्रत आणून बसवावी लागली. म्हणजे बुधवारी दिवसभरात भरलेले गुण गेले. गणिताच्या मॅडमनी त्या दिवशी एकशे ऐंशी विद्यार्थ्यांचे गुण भरले होते. मी त्यांना सांगायला गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुन्हा सोडला आणि वरची उत्तरपत्रिका समोर घेतली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

परत येऊन माझ्या टेबलावरून होस्ट उघडायला गेलो तर पुन्हा नकार! तेव्हा तो नवा मुलगा दारात आला. "सर, टेबलावरून नको. होस्टलाच कीबोर्ड लावून बघू या?"

लावला. तोच पासवर्ड, तीच अक्षरं. लगेच उघडलं.

तर मुलांनो, पासवर्ड बरोबर होता! पहिल्यापासून बरोबर होता. मग टेबलावरून का चालेना? आम्ही होस्टचा लॉग उघडला आणि पहिल्याच पानावर उत्तर सापडलं. आमचे होस्ट व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर चालतात. त्यात एक शिस्त आहे. नेटवर्कवरून कुणी ओळीनं पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, की ते खातं ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं, कुलूपबंद होतं. त्या वेळात बरोबर पासवर्ड टाकला तरी आत घेत नाही. चोरानं अंदाजानं किल्ल्या लावत बसू नये, म्हणून ही सोय. होस्टसमोर उभं राहून कीबोर्डवर टाकलं, तर मात्र ही बंदी लागत नाही.

"पण सर, चुकीचा पासवर्ड टाकतंय कोण?" मुलगा म्हणाला आणि लॉगवरून बोट खाली नेऊ लागला. मंगळवारी पहाटे दोन. दोन वाजून पाच मिनिटं. दोन वाजून दहा. सगळ्या नोंदी एकाच पत्त्यावरून. "मी तेव्हा झोपलो होतो सर," तो हळूच म्हणाला.

पत्ता शोधला. तो आमच्या गुरख्याचा निघाला.

आता कळलं ना? मी सोमवारी वाड्याचं कुलूप बदललं, पण गुरख्याला नवी किल्ली दिलीच नाही! तो बिचारा दर पाच मिनिटांनी सगळं ठीक आहे ना, हे बघायला दाराशी जायचा, जुनी किल्ली लावायचा, आणि पाच वेळा चुकली की दार सगळ्यांनाच बंद. मालकालासुद्धा! मधेच कधी बंदी उठलेली असताना माझा नंबर लागला, तर दार उघडायचं. मंगळवारी दुपारी तेच झालं होतं. ईमेलचा पासवर्ड बदलला आणि आईच्या फोनमध्ये जुनाच राहिला, तर फोन सारखा कुरकुरतो, तसाच हा प्रकार.

मी म्हटलं, "चल, नवा पासवर्ड आत भरू." तो म्हणाला, "आधी गुरख्याला थांबवू या सर. नाहीतर आपण भरेपर्यंत तो परत पाच वेळा ठोठावेल." खरंच की! सॉफ्टवेअर बंद केलं. पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसलो. मग माझ्या टेबलावरून पासवर्ड टाकला. उघडलं.

नवी किल्ली मात्र मालकाची दिली नाही. गुरख्यासाठी होस्टवर वेगळं खातं काढलं, त्याचा वेगळा पासवर्ड. बिऱ्हाडांना झोपवायचं आणि दार लावायचं, एवढाच त्याला अधिकार. म्हणजे उद्या मालकाचा पासवर्ड बदलला तरी गुरख्याचं अडत नाही, आणि गुरख्याची किल्ली चुकली तरी मालक बाहेर राहत नाही. हे पहिल्या दिवसापासूनच करायला हवं होतं. करू, करू म्हणता राहून गेलं.

शुक्रवारी चहाच्या वेळी मी ऑफिसात गेलो. तेच क्लार्क, तेच शिपाईमामा, तेच दोन प्राध्यापक. मुद्दाम तीच वेळ धरली होती. म्हटलं, "मंगळवारी मी याला इथं सगळ्यांसमोर बोललो. चूक माझी होती. पासवर्ड मी बदलला आणि पुढचं काम विसरलो. शोधून काढलं ते यानं." घसा कोरडा पडला होता हो! मुलगा म्हणाला, "असू दे सर." शिपाईमामांनी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

रविवारी कॉलेज रिकामं असताना आम्ही परीक्षा घ्यायचं ठरवलं. आधी सगळ्याची ताजी प्रत काढली. मग मुलानं यूपीएसची भिंतीकडून येणारी वीज बंद केली. यूपीएस पीं पीं करू लागला. एक मिनिट, दोन, तीन. माझं लक्ष कधी घड्याळाकडे, कधी ठिपक्यांकडे. पाचव्या मिनिटाला ग्रंथालयाचं बिऱ्हाड झोपलं. मग फीचं. मग गुणांचं. गुरखा स्वतः दुसऱ्या होस्टवर राहतो, म्हणून तो वाडा सगळ्यात शेवटी. एकेक पंखा मंदावत गेला आणि खोली इतकी शांत झाली की खिडकीबाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. मी त्या खोलीत चिमण्या पहिल्यांदाच ऐकल्या.

तोवर मुलानं आमच्या पासवर्डच्या नोंदवहीत पट्टीनं एक नवा रकाना आखला होता. वर लिहिलं, 'आणखी कुठे कुठे टाकला आहे?' पहिली ओळ त्यानं माझ्याकडून भरून घेतली.

वीज जोडली. सगळं सावकाश उठलं. त्यानं सगळ्यात आधी मॅडमचा वर्ग उघडला, ओठ हलवत वरून खालपर्यंत नावं मोजली आणि मान वर केली.

"एकशे ऐंशी, सर."